कार्डातला माझा वाटा

आमच्या मळ्यातल्या घरात एक मोठा कॉम्प्युटर आहे, सर्व्हर. पेटी एकच, पण पोरानं आत तीन वेगळे कॉम्प्युटर असल्यागत सोय केली: त्याचा, सुनेचा आणि माझा. पोरगा द्राक्षाच्या पानांचे फोटो दाखवून मशीनला रोग ओळखायला शिकवतो. सून न बांधलेली घरं पडद्यावर उभी करते. मी लासलगावचे कांद्याचे लिलाव बघतो. शाळा माझी चौथीतच सुटली, पण भाव कळायला तेवढी बास झाली.

पडद्यावरची चित्रं भराभर चालवणारं ग्राफिक्स कार्ड मात्र तिघांत एकच. पोरगा त्याचे वाटे पाडायला बसला.

"बाबा, तुम्हाला नको. लिलाव त्याच्याबिगर पण दिसतो."

"घरात वाटणी होते अन् बापालाच वाटा नाय? आमच्या विहिरीवर मोटार एकच होती. नुसती मेथी लावणाऱ्या भावालाही सारखीच पाळी होती."

"ही पाळी नाय बाबा. तुम्ही झोपलात तरी कार्डातली तुमची जागा अडूनच राहते."

"राहू दे अडून."

तीन सारखे वाटे झाले.

मग सुनेला तिचं स्वतःचं पहिलं काम आलं. शहरातलं एक कुटुंब दुपारी बंगल्याचं चित्र बघायला येणार होतं. सकाळी तिनं चित्रातल्या अंगणात झाडं लावली आणि चित्र उघडेचना. तिच्या वाट्यात ते मावत नव्हतं.

"तीनऐवजी दोन वाटे केले तर मावेल," पोरगा म्हणाला. माझ्याकडं बघितलं नाही.

"राहू द्या. झाडं कमी करते," सून म्हणाली.

मी तिच्या मागंच उभा होतो. कुंपणाकडचा कडुलिंब गेला. मग शेवगा गेला. अख्खी हयात मळ्यात काढलेल्या माणसासमोर ती पटापट झाडं पुसत होती. फाटकाजवळच्या आंब्याशी आली तेव्हा मला राहवलं नाही.

"माझं बंद कर."

"मामा, तुमचा लिलाव?"

"बंद कर म्हटलं ना. अन् तो कडुलिंब परत लाव."

पोरानं तिन्ही कॉम्प्युटर बंद केले, दोन वाटे पाडले, पुन्हा चालू केले. चित्र उघडलं, सावलीसकट. दुपारी ते लोक त्या अंगणात बराच वेळ रेंगाळले. काम सुनेलाच मिळालं.

माझा लिलाव आता अडखळत चालतो. व्यापाऱ्याचा वर गेलेला हात वरच राहतो. बोली मात्र स्वच्छ ऐकू येते.

"बाबा, थोडं कार्ड देऊ का परत?" पोरानं परवा विचारलं.

"मी मागितलं का?" म्हणालो, आणि आवाज वाढवला.