पावर स्टिअरिंग काढलं त्या उन्हाळ्यात

त्या उन्हाळ्यात आबा घरात एका जागी बसत नसत. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये सकाळपासून त्यांच्या गॅलरी ते स्वयंपाकघर अशा फेऱ्या चालायच्या. मध्येच नळ सोडून बघायचे, नुसती हवा फुसफुसली की बंद करायचे. पाणी कधी येणार ते साऱ्या गावाला माहीत होतं, तरी बघायचे. उभं आयुष्य त्यांनी एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हरकी केली होती. आई गेल्यावर ते माझ्याकडं राहायला आले, आणि तेव्हापासून त्यांच्या हातांना काही कामच उरलं नव्हतं.

माझंही फार वेगळं नव्हतं. मी चिकलठाण्याला औषधांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत होते. नवरा पुण्याला. तो दर फोनवर विचारायचा, "मग, कधी येतेयस?" आणि मी काहीतरी दुसरंच बोलायला लागायचे. बायपासला इमारतींवर इमारती उठत होत्या, त्यांचे बोअर कोरडे जात होते, आणि तरीही लोक तिथं फ्लॅट बघायला जात होते. राहावं की जावं, मला काही उमगत नव्हतं. फोन ठेवला की मी उगाच कपाट आवरायला घ्यायचे आणि अर्धवट सोडून द्यायचे.

अशात आत्याचा फोन लागेनासा झाला. आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण, पिशोरला एकटी राहायची. तिच्या शेजाऱ्यांकडं चौकशी केली तर कळलं, गुडघा सुजलाय, पण हिंडतेय. आबांचं तेवढ्यानं भागेना.

"तिला इकडं घेऊन येऊ," ते म्हणाले. "तिकडं टँकरच्या मागं पळायचं तिचं वय हाय का?"

"आणू की. पण गाडी?"

गाडी म्हणजे मी जुनी घेतलेली मोटार. तिच्या पावर स्टिअरिंगचं ऑइल गळत होतं. पार्किंगमध्ये खाली तांबडा डाग पडलेला असायचा, आणि स्टिअरिंगचं चाक वळवलं की पंप कोकलायचा. गॅरेजवाल्यानं बघून सांगितलं होतं की पंप गेलाय, पुढची चाकं वळवणारा रॅकही गळतोय, आणि या मॉडेलचे पार्ट सहजी मिळत नाहीत, थांबावं लागेल. थांबायचं म्हटलं की आम्हा दोघांच्याही अंगावर काटा यायचा.

"मग काढूनच टाकू," आबा म्हणाले.

"काय?"

"ते पावर. मी बस वळवली ती काय पंपावर? हातानं वळवली. काढून टाक, गाडी चालंल."

मी गॅरेजवाल्याला फोन केला. तो आधी हसला. मग म्हणाला, चालते, पण चाक जड होईल. आणि पंप काढल्यावर रॅककडं जाणारे दोन्ही पाइप उघडे सोडू नका, एकमेकांना जोडून टाका.

रविवारी सकाळी आम्ही पार्किंगमध्ये सतरंजी अंथरली. आबांची कंबर वाकत नव्हती, म्हणून गाडीखाली मीच शिरले. ते उघड्या बॉनेटशी उभे राहून वरून पाने द्यायचे आणि बोलत राहायचे.

"दिसला का बोल्ट?"

"दिसलाय, पण फिरत नाही."

"उलटा फिरवायलीस तू. डावीकडं... तुझ्या डावीकडं नाय, माझ्या!"

पाइप सुटला तसं उरलेलं ऑइल बचकन माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं. वरच्या मजल्यावरच्या वहिनी बादली घेऊन खाली आल्या होत्या. त्यांनी थांबून विचारलं, "आंघोळीला तरी पाणी आहे का गं घरात?" नव्हतं. रॉकेलचा बोळा आणि वर्तमानपत्र यांच्यावर भागवलं. पण कितीतरी दिवसांनी माझं डोकं एका जागी होतं. समोर एक बोल्ट होता आणि तो सुटायला हवा होता, बस्स.

पंप निघाला. सुटलेले दोन्ही पाइप एका रबरी नळीनं एकमेकांना जोडले, क्लिपा आवळल्या. मग आबांच्या हातात पट्टा आला आणि ते तो उलटसुलट करून बघायला लागले. पंपाचा आणि एसीचा पट्टा एकच होता. पंप गेला म्हणजे तो आता सैल लोंबणार, आणि बाहेर उन्हाचा नुसता वणवा.

"हे मला कुणी सांगितलं नाय," ते म्हणाले. जसं काही मीच लपवून ठेवलं होतं.

मग मोंढ्याजवळच्या पार्टच्या दुकानात गेलो. दुकानदारानं जुना पट्टा हातात धरून ताणला. "चचा, पंप निकाल डाले? तो ये लंबा पडेगा. छोटा लगाव." त्यानं काढून दिलेला पहिला पट्टा फारच आखूड निघाला, दुसरा बसला. परत येईपर्यंत दुपार झाली होती. जेवण कुणालाच आठवलं नाही.

गाडी सुरू केली तेव्हा पहिल्यांदाच पंपाचं कोकलणं नव्हतं. मी चाक वळवायला गेले, तर ते हलेचना. कुणीतरी पलीकडून धरून ठेवल्यासारखं. मी दोन्ही हातांनी लटकले.

"उभ्या गाडीला काऊन पिळायलीस?" आबा खिडकीतून ओरडले. "आधी जराशी हलू दे, मग वळव."

हलू दिली. वळली. खांद्यापासून बोटांपर्यंत रस्त्याचा प्रत्येक खड्डा मला कळायला लागला.

दुसऱ्या रविवारी आम्ही पिशोरला निघालो. आबा सकाळीच घडीचा शर्ट घालून ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसले होते. मी शेजारी बसले. हर्सूलचा तुरुंग मागं पडला, कोरडा तलाव मागं पडला, आणि गाडीनं वेग घेतल्यावर चाक हलकं झालं. आबांचा चेहरा उजळला. एक हात खिडकीवर ठेवून ते मला घाटातल्या जुन्या फेऱ्या सांगायला लागले. पुढं रस्ता रुंद करायचं काम चालू होतं. झाडं तोडून टाकलेली, गाड्या बाजूच्या कच्च्या रस्त्यानं सोडलेल्या. तिथल्या अरुंद वळणावर समोरून पाण्यानं भरलेला टँकर आला.

आबांनी वेग कमी केला आणि चाक डावीकडं ओढलं. ते अर्धंच फिरलं. त्यांनी दात आवळून पुन्हा ओढलं, मानेच्या शिरा तटतटल्या. गाडी वळणात आडवी होऊन खडीच्या ढिगाऱ्याला नाक लावून थांबली. टँकरवाल्यानं करकचून ब्रेक मारला. वरच्या झाकणातून पाणी उसळून मातीत पडलं, आणि रस्त्यावर काम करणाऱ्या बायका घमेली घेऊन तिकडं धावल्या.

टँकरवाला उतरून आला. आबांचे पांढरे केस बघून त्याचा आवाज खाली आला. "काका, उतरा. मी काढून देतो गाडी."

"लाल गाडी चालवलीय मी," आबा म्हणाले. त्यांचा उजवा हात मांडीवर तसाच पडून होता.

मी उतरून त्यांच्या दाराशी गेले. "आबा, सरका."

"जमंल मला."

"माहितेय. सरका."

ते पलीकडं सरकले. मी गाडी इंचभर मागं घेतली, हलत असतानाच वळवली, पुन्हा पुढं, पुन्हा मागं. खडी चाकाखाली कुरकुरत होती. टँकर निघून गेला. पिशोर येईपर्यंत आबा डाव्या हातानं उजवा खांदा दाबत बसले होते.

आत्या ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. फोन पाण्याच्या हंड्यात पडला होता, एवढंच.

"मी नाय येत तुमच्या शहरात," तिनं आल्याआल्याच सांगितलं. "म्हशीला काय तिसऱ्या मजल्यावर चढवू?" मग भावाकडं बघून म्हणाली, "खांदा काऊन धरलास रं?"

आबांनी मान फिरवली. मीच सांगितलं. वाटलं, हसेल. ती उठली, तेल कोमट करून आणलं आणि लंगडत त्यांच्या मागं बसून खांदा चोळायला लागली. चोळता चोळता आबांचे डोळे भरून आले. तिनं ते बघितलं आणि चोळायचा जोर वाढवला, म्हणजे कुणी विचारलं तर दुखलं म्हणता येईल.

दुपारी गावात टँकर आला. आत्याच्या गल्लीत तो नेहमी अडायचा. उलटा घ्यावा लागे, आणि एका बाजूला उघडी नाली. आबा उठून मागं जाऊन उभे राहिले. डावा हात वर करून, "येऊ दे, येऊ दे, बास! उजवीकडं चाक तोड!" ड्रायव्हरनं निमूट ऐकलं. टँकर आत आल्यावर त्यानं त्यांना काचेतून सलाम केला.

संध्याकाळी मी निघायला लागले तर आबा म्हणाले, "मी राहातो इथं चार दिवस."

"खांद्याचं काय?"

"हिच्या हाताखाली बरा होतो तो. तू हळू जा. वळणावर हलती ठेव."

परत येताना मी एकटीच होते. दिवस मावळायच्या आत हर्सूल गाठलं. दोन्ही दंड ठणकत होते आणि मान आखडली होती. तरी घराकडं न वळता मी सरळ पुढं गेले, सिग्नलमागून सिग्नल, उगाचच, बायपासच्या अर्ध्या बांधलेल्या इमारतींपर्यंत.

आबांचे चार दिवस संपले नाहीत. मी दर रविवारी जायचे आणि ते मला गल्लीच्या तोंडाशी भेटायचे, टँकर आत घ्यायच्या घाईत असलेले. गॅरेजवाल्यानं पार्ट आल्याचं कळवलं तेव्हा मी नको म्हणून सांगितलं. पुढच्या वर्षी मी पुण्याला नवऱ्याकडं राहायला गेले. जायच्या आधी आबांना विचारलं, चलता का. ते म्हशीला वैरण टाकत होते.

"तू जा," ते म्हणाले. "मला इथं काम हाय."