गाडीतलं नालकुंतल मला ओळखता आलं नाही

मंडळी, सायबर कॅफेत बसून लिहितेय. घरी सांगायची हिंमत नाही.

मी दहावीला विज्ञान शिकवते. गेल्या आठवड्यात किल्ली फिरवली की आमची गाडी नुसती 'टक' करायची. बॅटरी नुकतीच घेतलेली. मी तडक बॅटरीवाल्या शंकरभाऊंच्या दुकानात गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर ओरडले, "डुप्लिकेट माल विकता!" त्यांनी बॅटरी बदलून दिली, गाडीही सुरू झाली.

आज केळझरला गणपतीचं दर्शन घेऊन निघाले, तर पुन्हा 'टक'. जवळच्या ट्रॅक्टर मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, पान्याने स्टार्टरवर दोन टोले दिले आणि गाडी सुरू!

"बॅटरी चांगली हाय मॅडम. सोलेनॉइड अटकून राह्यला. तारेच्या गुंडाळीत करंट गेला का तिचं चुंबक होते अन् ते आतला दांडा ओढते. ठिबकच्या व्हॉल्वमधी बी हेच राह्यते."

म्हणजे नालकुंतल! पंधरा वर्षं फळ्यावर आकृती काढतेय त्याची. ते माझ्याच गाडीत असेल, हे डोक्यातच आलं नाही.

मागच्या सीटवरच्या उत्तरपत्रिका पाहून त्यांनी विचारलं, "काय शिकवता मॅडम?"

"मराठी," मी म्हणाले.

परत येताना शंकरभाऊ दुकानाबाहेरच बसले होते. गाडी बंद केली तर पुन्हा सुरू होणार नाही, असं स्वतःला बजावत मी पुढे निघून आले. त्यांनी मात्र हात वर करून नमस्कार केला.

उद्या पायी जाणार आहे. खरं सांगा, दुकानात गिऱ्हाइकं असताना जाऊ, की नसताना?