अर्क आत्याचा, बी मोठ्या बाबांचं

पेरणी जवळ आली की आमच्या घरात किस्से निघायला लागतात, आणि बहुतेक सगळे कडुनिंबाच्या अर्काचे असतात. त्यांच्या मुळाशी एक नियम आहे: विधवेनं पेरणीच्या बियाण्याला हात लावायचा नाही. लहानपणी मी "काहून?" असं विचारलं, तर मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, म्हणाले, "हे विचारायचं नसते."

अर्क मात्र माझी विधवा आत्याच करायची. पाला तोडायची, पाट्यावर वाटायची, दिवसभर पाण्यात मुरवून गाळायची. कीड लागू नये म्हणून ज्वारीचं बी त्यात भिजवायची वेळ आली, की तिनं परसात जायचं.

*

एका वर्षी मोठ्या बाबांना वाटलं, पाला उकळला तर काम लवकर होईल. उकळला, आणि तसाच कढत बियाण्यावर ओतला! आत्या परसातून सांगत होती, निवू द्या भाऊ. बायकांचं ऐकतो कोण? बियाण्याच्या घुगऱ्या झाल्या, त्याही कडू. बैलांनीसुद्धा तोंड फिरवलं.

आत्या एवढंच म्हणाली, "भाऊ, मीठ घालायचं राह्यलं."

*

मी नागपूरला शेतकी कॉलेजात गेले, तेव्हा प्रॅक्टिकलसाठी अर्काची बाटली घेऊन निघाले. उमरेडच्या एसटीत बूच उडालं. कंडक्टरनं नाक दाबलं. मागची म्हातारी म्हणाली, "थोडं माह्या खरजेले दे वं."

उरलेल्या अर्ध्या बाटलीकडे बघून सरांनी विचारलं, पाल्याचं प्रमाण किती? मला कुठे माहीत! सुट्टीत आत्याला विचारलं. तिनं थेंबभर अर्क जिभेवर ठेवला.

"इतका कडू पाहिजे, का शिवी द्यायलेही तोंड उघडू नये."

मी जर्नलमध्ये तसंच लिहिलं. सरांनी खोडलं नाही.

*

यंदा मोठ्या बाबांनी बियाण्याची टोपली माझ्यापुढे ठेवली. शेजारचे दोन म्हातारे ओसरीवर बसले होते. तू शिकलेली, आता तूच भिजव, असं मोठे बाबा म्हणाले. आत्या सवयीनं परसाकडे निघाली होती. मी तिचा हात धरला. पाला वाटून तो हिरवा झाला होता.

"मी नाही भिजवणार," मी म्हणाले. "जिनं अर्क केला, ती भिजवेल. नाहीतर बी कोरडंच पेरा."

"जाऊ दे वं," आत्या कुजबुजली. "मले सवय आहे."

"मले नाही."

आत्यानं हळूहळू बाह्या कोपरापर्यंत सारल्या.