पेन्सिलीनं लिहिलेला तारा

आमच्या शाळेत खरं पेन्सिलीनं लिहीत आणि खोटं पेननं. हजेरी असो की खिचडीचं रजिस्टर, आधी पेन्सिलीनं आकडे टिपायचे, केंद्रप्रमुख आले की त्यांना काय हवं ते विचारून खोडायचे, जुळवायचे आणि निळ्या शाईनं गिरवायचे. जळगाव जामोदकडच्या त्या शाळेत मी विज्ञानाची बाई होते. माझं अक्षर असं टपोरं, की खोटंही शोभून दिसे.

त्या हिवाळ्यात जवळच्या एका दीर्घिकेत तारा फुटला. जवळच्या म्हणे! तिथला उजेड इथवर यायला कोटभर वर्षं लागतात. शहरातल्या एका सरांनी शाळेला दुर्बीण दिली होती; ठिकठिकाणच्या हौशी निरीक्षकांकडून ते ताऱ्यांच्या तेजाचे आकडे गोळा करत. जेवणं झाली की मी घराच्या गच्चीवरून सप्तर्षींच्या बाजूला तो ठिपका शोधायचे, शेजारच्या दोन ताऱ्यांशी ताडून बघायचे आणि त्याचं तेज आकड्यात लिहायचे. आकडा मोठा, तर तारा मंद. शाल गुंडाळून अशा रुबाबात उभी राहायचे, जणू मला विचारल्याशिवाय तो विझणारच नव्हता. बॅटरीला लाल फडकं बांधून थोरली जाऊ शेजारी बसे.

एका रात्री तो मला मंद दिसला. तीनदा पाहिलं. १०.९ लिहिलं आणि सरांना फोन केला.

"मॅडम, बाकी सगळ्यांचा १०.६ आहे. तुमच्याकडे धूळ असेल."

धूळ! सातपुड्याच्या अंगाला आभाळ धुतल्यासारखं होतं. तरी मी "हो सर, असेल सर" म्हणत रबर काढलं.

"काऊन खोडून राह्यली वं, मास्तरीण?" जाऊनं विचारलं. "डोळे तुहे का त्याहिचे?"

"तुम्हाला नाही कळायचं, जाऊबाई. विज्ञान आहे ते."

आज ती तेव्हाची विज्ञानाची बाई समोर आली, तर तिच्याच टपोऱ्या अक्षरात तिच्या कपाळावर 'हो सर' लिहीन.

दुसऱ्याच दिवशी जाऊच्या वावरात पंचनामा होता. बीटी कपाशीची बोंडं अळीनं आतून पोखरली होती. बियाण्याविरुद्ध तिनं तक्रार दिली होती. घरातले सगळे 'जाऊ दे' म्हणत असताना एकटीनं. कृषी खात्याच्या साहेबांसोबत बियाण्याच्या कंपनीचा माणूस आला होता, बुटाला माती लागू नये म्हणून वावराच्या कडेला धुऱ्यावरच उभा.

"या वाणावर बोंडअळी येत नाही," तो म्हणाला. "पाकिटावरच लिहिलं आहे."

जाऊनं एक बोंड फोडून त्याच्या तळहातावर ठेवलं. आत गुलाबी अळी वळवळत होती. "पाकीट अळीले वाचून दाखवा ना भाऊ. तिले वाचता येत नाही."

सगळे हसले. साहेबही हसले आणि लिहायचं काम माझ्याकडे आलं. अक्षर चांगलं ना! ओळीओळीतून फिरून मी बोंडं फोडली आणि पेन्सिलीनं लिहिलं : निम्म्याहून जास्त बोंडं किडलेली.

साहेबांनी कागद पाहिला. "मॅडम, आजूबाजूच्या गावांत सगळीकडे 'किरकोळ' आलं आहे. तुमचंच वेगळं कसं?"

मला वाटलं, माझंच मोजणं चुकलं असेल. खोडलं. 'किरकोळ' लिहिलं. गिरवलं. जाऊ बघत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण माझ्या हातातलं रबर तिला दिसलं.

त्या कागदावर तक्रार निकालात निघाली; भरपाईचा एक रुपया आला नाही. आजूबाजूच्या गावांतही माझ्यासारखीच टपोऱ्या अक्षराची माणसं बसली असतील, हे मला तेव्हा सुचलंही नाही.

पुढच्या महिन्यात सरांचा फोन आला. तारा खरोखरच त्या दिवसांत उतरणीला लागला होता. "तुमचा पहिला आकडा आहे का हो? बाकीच्यांनी एकमेकांचं बघून लिहिलेलं दिसतंय."

मी वही काढली. १०.६ निळ्या शाईत, खाली कागद खरवडलेला. जाऊ अंगणात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांची मोळी बांधत होती. किडलेली बोंडं तशीच लटकत होती त्यांना.

"काय म्हणते तुहा सर?"

"माझं बरोबर होतं म्हणतात."

"हाव?" तिनं गाठ करकचून आवळली. "मंग माह्यं?"

उतरण सापडली म्हणून सर मात्र तारा आपणच फोडल्यासारखे खूश होते. त्यांचा एक आकडा गेला. जाऊचा हंगाम गेला, आणि तो मी घालवला होता. कंपनीचा राग आहेच, साहेबांचा आहे. पण रबर माझं होतं.

आता नात दुर्बिणीला डोळा लावून बसते. तिला मी पेनच देते. परवा ती कुरकुरली, "आजी, चुकलं तर?"

"चुकलं तर चुकलेलं दिसू दे. रेघ मारून शेजारी लिही," मी म्हटलं. "रबर मागितलंस, तर जाऊआजीला बोलावीन."