कॅमेरा कुणाच्या खांद्यावर होता

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, मुलांजवळ नाही. तुम्ही वाचताय म्हणून सांगतो — पण गोड आवाजात सांगणार नाही. मला राग आलेला आहे. चौऱ्याहत्तरीच्या माणसानं स्वतःवर इतकं चिडावं हे शोभत नसेल, तर नसो.

अंबडला माझं शूटिंगचं दुकान होतं. लग्नं, बारशी, शाळांची गॅदरिंगं. टीव्हीवर आपलं तोंड बघायची हौस आमच्या भागात नवी होती, तेव्हाची गोष्ट. मी खांद्यावरचा मोठा कॅमेरा घेतला होता. तालुक्यात तसा दुसरा नव्हता. गावात शिरलो की लोक नवरदेव सोडून कॅमेरा बघायचे. त्याला ऑटोची सोय होती — रंग आपला आपण, फोकस आपला आपण. मला वाटायचं, चित्र कॅमेराच काढतो. माणसानं फक्त तो उचलून फिरायचं. माझ्यापुरतं ते खरंच होतं. मी उचलून फिरत होतो.

सुदाम तसा नव्हता. माझ्याच वयाचा, जालन्याचा. त्याचा कॅमेरा जुना, सेकंडहँड, सगळं हातानं करावं लागणारा. मोठं लग्न असलं की मी त्याला जोडीला बोलवायचो. मांडवात शिरल्यावर तो आधी वर बघायचा — कापड कोणत्या रंगाचं? मग एखाद्या म्हाताऱ्याला हात धरून मांडवाच्या मधोमध आणायचा आणि म्हणायचा, “बाबा, टोपी काढून जरा समोर धरा.” त्या पांढऱ्या टोपीवर तो कॅमेऱ्याचा रंग बसवायचा, म्हणजे तिथल्या उजेडात पांढरं पांढरंच दिसावं. म्हातारे चिडायचे, बाया हसायच्या. मीही हसायचो. हसायचो कशाला? त्याला येतं ते मला येत नाही, हे कळत होतं म्हणून.

लग्न जांब समर्थच्या अलीकडच्या एका गावात होतं. भर उन्हाळा, दुपारचा मुहूर्त, वर हिरवं कापड. लाईट गेलेली, म्हणजे आमचे दिवे बंद. मुलीच्या वडिलांना सगळे अण्णा म्हणायचे. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, मुलीची आई दवाखान्यातून कालच उठून आलीय, तिला नीट घ्या. एवढंच सांगितलं. आवाज असा होता की जास्त सांगायची गरज नव्हती.

माझ्या कॅमेऱ्यानं रंग बाहेर, नवरदेवाच्या मिरवणुकीत, उन्हात धरला होता. सुदामनं मला अडवलं. “भाऊ, मांडवात रंग पुन्हा बसवा. हितला उजेड समदा हिरवा हाय. अन् ऑटो फोकस काढा, मागच्या झिरमिळ्यांवर जाईल.”

सात-आठ माणसं ऐकत होती. मी म्हणालो, “तुझं ते डबडं टोपी बघून चालतं. याला लागत न्हाई.” लोक हसले. मी त्याला सांगितलं, मुख्य विधी मी घेतो, तू पाहुणे आणि वऱ्हाड घे.

म्हणजे ती चूक सांगूनसुद्धा केलेली. अडाणीपणाला माफी असेल कदाचित. याला काय म्हणायचं?

कन्यादानाच्या वेळी ती बाई नवऱ्याशेजारी बसली होती. हातात पाण्याची झारी. मी समोर उभा होतो — चार हातांवर. कॅमेरा माझ्या खांद्यावर होता.

दोन महिन्यांनी ती गेली. दिवस झाल्यावर घरच्यांनी कॅसेट पहिल्यांदाच लावली. मग मला निरोप आला. मी सुदामला मोटरसायकलवर मागं बसवून नेलं. खोलीत वीसेक माणसं. अण्णांनी कॅसेट लावली. पाहुणे लख्ख, वऱ्हाड लख्ख, नाचणाऱ्या पोरींच्या बांगड्यासुद्धा मोजता येतील — ते सगळं सुदामचं. मग कन्यादान. बाईचा चेहरा शेवाळ्यासारखा हिरवा, आणि धुरकट. मागच्या झिरमिळ्या मात्र एकेक स्पष्ट. तिचं चालतं-बोलतं चित्र जगात तेवढंच होतं.

अण्णा मला म्हणाले, “हे कुणी काढलं?”

मी म्हणालो — आता लिहिताना हात थांबतो, थांबू दे — मी म्हणालो, “विधीच्या टायमाला मी जेवायला गेल्तो. कॅमेरा याच्याकडं दिल्ता. बाकी सगळं माझं हाय.”

लग्नघरात शूटिंगवाल्याकडं कोण बघतं? कुणाला आठवत नव्हतं. आणि मला अजून एक गोष्ट माहीत होती. सुदाम बौद्ध होता, आणि ते घर जात बघणारं होतं. खोटं लगेच पटेल, हे मला बोलायच्या आधीच माहीत होतं. अण्णांचा भाऊ म्हणालाच, “असल्यांच्या हातात कशाला देता भारी वस्तू?” मी मान हलवली. हो, हलवली.

सुदामनं माझ्याकडं बघितलं. मी टीव्हीकडं बघत होतो. मग तो उठला आणि चालत रस्त्याला लागला.

आमच्या धंद्यात बातमी मांडववाल्यांकडून, बँडवाल्यांकडून पसरते. त्याला आणू नका, भारी कॅमेऱ्याची वाट लावतो — हे मी पुन्हा सांगायची गरज पडली नाही. वर्षभरात त्यानं कॅमेरा विकला. बियाण्यांच्या गोदामावर पोती उचलायला लागला, पुढं तिथंच गेटवर बसला. मी मात्र त्याच कॅसेटमधलं वऱ्हाड दुकानात लावून ठेवायचो. आणि गिऱ्हाइकाला ऐकवायचो, “कॅमेरा काय करतो हो? हात लागतो हात.” कुणाचा हात? एकानंही विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी खोटंच बोललो असतो.

मागच्या महिन्यात त्या लग्नातल्या मुलीचा फोन आला. आता तिचीच मुलगी लग्नाला आलीय. म्हणाली, “काका, कॅसेट पेनड्राइव्हवर घेतली. आईचा चेहरा आता दुरुस्त होतो का हो? त्या तुमच्या माणसानं वाटोळं केलं.” मी म्हणालो, नाही होत. एवढंच म्हणालो. खरं तेव्हाही सांगितलं नाही!

चार दिवसांनी मी जालन्याला गेलो. सुदाम गेटवर खुर्ची टाकून बसला होता. मी उभ्या उभ्याच सगळं कबूल केलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “भाऊ, हे तुम्ही मला काय सांगून राह्यले? मी तिथंच व्हतो की. ज्याला म्हाईत न्हाई त्याला सांगा. गाडी येऊन राह्यली, सरका.”

मी सरकलो. ट्रक आत गेला. त्यानं फाटक लावलं आणि वहीत नंबर लिहीत बसला. माझ्याकडं पुन्हा बघितलं नाही.

बसस्टँडवरूनच मी त्या मुलीला फोन लावला. तुमच्या आईचं चित्र मी बिघडवलं, म्हणालो. त्यानं मला आधी बजावलं होतं, तेही सांगितलं. कॅसेटमध्ये जे जे चांगलं आहे ते त्याचं आहे, हेही. तिनं विचारलं, “त्यांचं नाव काय?”

इतकी वर्षं त्या घरात त्याला शिव्या पडल्या, आणि नाव कुणाला माहीत नव्हतं. मी सांगितलं — सुदाम. कुठं बसतो तेही सांगितलं. तिनं फोन ठेवला. तिचा पुन्हा फोन आलेला नाही. येण्याचं काही कारण नाही.