कमळाक्काची उलटी वायर

दुसऱ्याचा निरोप घेऊन कमळाक्काकडे गेलेलं माणूस तो निरोप पुरता सांगून कधी परत आलं नाही. पाटोद्यात तिचं किराणा दुकान होतं. तिथं कुणी येऊन "अक्का, अमक्यानं सांगितलंय की" एवढं म्हणायचा अवकाश, ती तराजूवरची नजर न काढता विचारायची, "त्याला तोंड हाय का?" समोरचा हो म्हणायचा. "मग त्याला पाठव." विषय संपला. एकदा धाकट्या जावेनं भांडण मिटवायला शेजारीण पाठवली. अक्कानं शेजारणीला चहा पाजला, भांडणाबद्दल एक अक्षर बोलू दिलं नाही, आणि संध्याकाळी स्वतः चालत जावेच्या दारात जाऊन ते भांडण पूर्ण केलं. मग मिटवलं.

ती गेली तेव्हा चौकात फलक लागला. शांत, मनमिळाऊ, धर्मपरायण. यातलं धर्मपरायण खरं आहे. गळ्यात इष्टलिंग, कपाळाला भस्म, पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट नाही. बाकीचे दोन शब्द साफ खोटे आहेत. जिवंतपणी बाईनं गावाला वाकवलं, की गाव ती मेल्यावर तिला शांत करून टाकतं. मी एका संघटनेची पत्रकं लिहिते. कुणी खोटं छापलं तर त्याला उत्तर द्यायचं, एवढंच मला येतं. म्हणून हे लिहिते आहे.

अक्काचा नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत वारला. मूलबाळ नव्हतं. दिरांनी सांगितलं, दुकान आम्ही बघतो. "मला डोळे हायत," ती म्हणाली आणि गल्ल्यावर जाऊन बसली, ती शेवटपर्यंत तिथंच. अंगानं ठेंगणी, आवाजानं खणखणीत. गिऱ्हाईकाला अहो आणि पुढाऱ्याला अहो, बाकी सगळ्यांना अरे, अगं.

ती वर्षं सगळं खुलं होण्याची होती, असं पेपरात रोज छापून यायचं. पाटोद्यातही थंड पेयांची लाल-निळी कपाटं आली, एसटीडीचे पिवळे बूथ आले, किराणा दुकानात शांपूच्या पुड्या लोंबायला लागल्या. माल खुला झाला होता. पोरी मात्र दिवेलागणीच्या आत घरात. मी अकरावीला होते. कॉलेजला घालताना वडिलांनी एकच अट घातली होती, तुझं नाव बाजारात ऐकू येता कामा नये. वडिलांचं बसस्टँडजवळ शिलाईचं दुकान होतं, आणि गावातली प्रत्येक गोष्ट माप द्यायला येणाऱ्या माणसासोबत तिथं यायची. धारूरकडचं एक स्थळही टपून होतं. नाव ऐकू आलं की कॉलेज बंद आणि अक्षता चालू, इतका सरळ हिशोब.

अक्काचा भाचा शिवकुमार कॉम्प्युटरच्या कामानं अमेरिकेत असायचा. त्याचा जुना कॉम्प्युटर अक्काच्या आतल्या खोलीत होता. मी, नसीम आणि उषा अशा तिघी दुपारी तिथं टायपिंगचा सराव करायचो. एका सुट्टीत तो तिकडून टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन घेऊन आला आणि जाताना इथंच ठेवून गेला. अक्कानं ते दुकानाला लागून असलेल्या बाहेरच्या खोलीत मांडलं. गावातली पोरं तिथं येऊन बसायला लागली. एका मैदानात शिरायचं, दबा धरायचा आणि दुसऱ्याला टिपायचं, असा तो खेळ. आम्हाला भिंतीपलीकडून नुसता आवाज ऐकू यायचा. पोरांचा धिंगाणा ऐकत आम्ही 'माननीय महोदय' टाइप करायचो.

एकदा मी अक्काला म्हटलं, "आम्हालाही खेळायचंय."

"मग जा की बाहीर. कुणी धरलंय?"

"घरी कळलं तर कॉलेज बंद होईल."

ती गप्प राहिली. ही बाई गप्प राहिली की काहीतरी शिजतंय हे दुकानातल्या मांजरालाही कळायचं. पुढच्या रविवारी शिवकुमारचा फोन आला. तिनं आधी खुशाली नाही, काही नाही, थेट विचारलं की तुझा कॉम्प्युटर आणि हे गेमचं मशीन एकमेकांत खेळतील का. तो म्हणाला, खेळतील, हाच खेळ कॉम्प्युटरवरही मिळतो. महिनाभरात त्याच्या एका मित्राबरोबर सीडी आली आणि एक लांब वायर आली. अक्कानं भिंतीला भोक पाडून घेतलं, वायर आरपार ओवली, दोन्ही टोकं दोन्ही मशीनला खोचली. काही झालं नाही. दोघं एकमेकांना ओळखच देईनात.

रविवारचा तो फोन मी शेजारी उभी राहून ऐकला आहे. शिवकुमार तिकडून मोठ्यानं बोलायचा, अमेरिका लांब आहे म्हणून.

"मावशी, मधे राउटर लागतो. छोटी पेटी असते. दिवाळीला येताना आणतो."

"काय करती ती पेटी?"

"याचं बोलणं त्याला पोचवते. आणि दोघांना एकेक नंबर देते, ओळखायला."

"दोघं एकाच घरात हायत, शिवा. भिंतीच्या अल्याड न् पल्याड. त्यांना बोलायला मधी पेटी कावून?"

तिकडे तो हसला. म्हणाला, "पेटीशिवाय होतं तसं. पण वायर उलटी करावी लागेल." सरळ वायरीत याची बोलायची तार त्याच्याही बोलायच्या तारेला लागते. दोन्ही मशीन सारख्या जातीची असली की एका टोकाला रंग बदलायचे, नारिंगी जोडीच्या जागी हिरवी आणि हिरवीच्या जागी नारिंगी. म्हणजे याचं बोलणं त्याच्या कानात जातं.

"म्हंजी आतापतूर दोघंबी नुसते बोलतच बसलते," अक्का म्हणाली. "ऐकत कोन न्हवतं. आमच्या भावकीवानी."

बीडहून कंडक्टरच्या हाती वायरीची नवी टोकं मागवली. ती दाबायचं हत्यार गावात कुणाकडे नव्हतं, म्हणून अक्कानं बारीक स्क्रू-ड्रायव्हरनं एकेक पितळी दात स्वतः दाबला. मी रंग वाचत होते. पहिलं टोक झालं. रंग बदलले. दुसरं टोक घेताना मी म्हटलं, हे जुन्यासारखंच ठेवायचं.

"कावून? एकाच्याच माथी उलटं कावून मारायचं? दोघांला सारखं पायजे."

मी म्हटलं, शिवादादा एकाच टोकाला म्हणाला होता. ती म्हणाली, त्यो पुरुष हाय, त्याला एकावर लादायची सवय हाय. आणि तिनं दोन्ही टोकं उलटी केली. दोन्ही उलटी केल्यावर वायर पुन्हा सरळच झाली, हे आमच्या ध्यानात यायला पुढचा रविवार उजाडला. शिवकुमार फोनवर इतका हसला की त्याला बोलताच येईना. अक्कानं फोन ठेवला आणि एक टोक कापून पुन्हा पहिल्यासारखं केलं. पेटी नव्हती, तेव्हा नंबरही आम्हीच हातानं टाकले. बाकी आकडे दोन्हीकडे सारखे, शेवटचा तेवढा वेगळा. खोचलेल्या टोकापाशी बारीकसा हिरवा दिवा लागला. अक्का त्या दिव्याकडे पाहून म्हणाली, "बगा. मधल्याचं काय अडलं का?"

त्यानंतर दुपारी आम्ही आत आणि पोरं बाहेर. पोरांना वाटायचं, मशीनच त्यांच्याशी खेळतंय. आम्ही त्यांना धरून धरून टिपायचो. नसीमचा नेम तर असा होता की बाहेर कुणीतरी रिमोट आपटल्याचा आवाज यायचाच. मशीनकडून हरण्यात त्यांना काही वाटत नव्हतं. एक दिवस सचिन नावाच्या पोराचा गडी पळता पळता खड्ड्यात पडला आणि आत उषाला हसू आवरलं नाही.

"आत कोन हाय बे?" सचिननं मधल्या दाराचा पडदा सारला. तिघी समोर. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. त्याला राग आम्ही खेळतो याचा नव्हता. तो इतके दिवस आमच्याकडून हरला होता, याचा होता.

सचिन आबासाहेबांचा पुतण्या. आबासाहेब म्हणजे आमच्याकडचे मोठे जमीनदार, पुढारी, गावातल्या प्रत्येक कामात ज्यांना विचारावंच लागतं असे. त्यांनी आधी बबन नावाचा आपला माणूस पाठवला. त्याला अक्कानं नेहमीचा प्रश्न विचारून परत लावून दिलं. मग ते स्वतः जीपमधून आले आणि दुकानातल्या स्टुलावर बसले. मी पडद्याआड होते.

"अक्का, गावाला तुमचा आदर हाय."

"मुद्द्याचं बोला, आबासाहेब. गिऱ्हाईक खोळंबलंय."

"आत पोरी बसत्यात. बाहीर पोरं. मधी वायर हाय म्हणं."

"हाय."

"भिंतीआड काय चालतंय ते लोकाला दिसत न्हाई. लोक बोलतेत. उद्या एखाद्या पोरीचं नाव निघालं, तर तिच्या बापानं कुठं तोंड लपवायचं? वायर काढून टाका."

"भिंतीआड हाय, हाच तरास हाय ना?"

"तेच तर म्हणतो मी."

"बरं. काढते."

आबासाहेबांनी चहा घेतला, समाधानानं मिशीवरून हात फिरवला आणि गेले. मी पडद्याआडून बाहेर आले आणि अक्काला म्हटलं, तुम्हीही शेवटी त्यांच्यातल्याच. ती पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळली. मी घरी निघून आले. रडले नाही. आमच्यासाठी भांडायला आता कुणी उरलं नाही, एवढं मात्र नक्की वाटलं.

पुढच्या बाजारच्या दिवशी तिनं वायर काढली. गावासमोर काढली. भोक सिमेंटनं बुजवलं. मग दोन हमाल बोलावून आतला कॉम्प्युटर आणि बाहेरच्या खोलीतला टीव्ही, मशीन उचलून आणवलं आणि दुकानाच्या ओट्यावर, रस्त्याकडे तोंड करून, एकमेकांना खेटून मांडलं. तीच वायर दोघांत जोडली आणि उरलेल्या वेटोळ्याला सुतळी बांधली. मला बोलावणं आलं नाही. ती बोलावणं पाठवणारी बाई नव्हती. स्वतः आमच्या गल्लीत आली आणि दारातून म्हणाली, "आबासाहेबाला भिंत नको हुती. भिंत काढली. आता येतीस का?"

आई म्हणाली, जाऊ नको. मी गेले. नसीम आणि उषा आल्या नाहीत. त्यांना मी नावं ठेवणार नाही. त्यांच्या घरचे काय करू शकतात ते मला ठाऊक होतं, कारण माझ्या घरचेही तेच करू शकत होते.

ओट्यावर दोन खुर्च्या. एका खुर्चीवर मी. पाठीशी भरलेला बाजार, कांद्याच्या पाट्या, बांगड्यांचे हारे, मिरचीचा ठसका. रस्त्यापलीकडच्या टपरीवर सचिन आणि त्याची टोळी. दुसऱ्या खुर्चीवर बसायला एकही पोरगा पुढे येईना. एकटीनं खेळायचं कुणाशी? आणि नुसतं बसून राहिले असते तर लोक म्हणणार होते, बघा, शोभेची बाहुली मांडली. अक्कानं हे एका नजरेत ओळखलं. पदर खोचला, गल्ला नोकराकडे दिला आणि दुसऱ्या खुर्चीवर येऊन बसली. रिमोट तिनं उलटा धरला होता. मी सरळ करून दिला.

"कंचं बटन?"

"कुठलंही दाबा."

तिचा गडी मैदानात उतरला आणि सरळ जाऊन एका भिंतीला नाक लावून उभा राहिला. "हे बेणं तिकडंच तोंड करून उभं ऱ्हातंय," ती म्हणाली. मी बंदूक रोखली आणि थांबले. साठी ओलांडलेली बाई, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म. बाजार बघतोय.

"कावून थांबलीस? मार की. दया करायला बसलीस का खेळायला?"

मी मारलं. ती पुन्हा उठली, पुन्हा भिंतीपाशी गेली. पुन्हा मारलं. कांदेवाल्या बाया पाट्या सोडून बघायला आल्या. "अक्का, ह्या वयात?" एकीनं विचारलं. "मरायला वय लागतंय का," अक्का पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, आणि पुन्हा मेली. बाया हसल्या. टपरीवरून कुणीतरी शिटी मारली. मला वाटलं उठावं. तिनं बोलायच्या ओघात, मान न वळवता सांगितलं, "मला पायजे तेवढं मार. खुर्चीवरनं उठलीस तर मातर माझ्या दुकानात पाय ठिऊ नको."

ऊन उतरायला लागलं तेव्हा गर्दीतून वडील आले. हातात बाजाराची पिशवी. कुणीतरी त्यांच्या दुकानात जाऊन सांगितलं होतं हे उघड होतं. ते येऊन माझ्यासमोर, टीव्हीच्या आड उभे राहिले. चेहरा असा की आता काय होणार ते अख्ख्या बाजाराला कळलं. गर्दीत आबासाहेबांचा बबनही होता.

अक्का वडिलांना त्यांच्या लहानपणापासून ओळखायची. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही.

"महादू, सरक जरा," ती म्हणाली. "पोरगी मला मारायलीय, मला दिसंना."

वडील उभे राहिले. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. माझ्याकडे पाहिलं, मग बाजाराकडे पाहिलं.

मग सरकले.

मी गोळी झाडली.