खोट माज्यातच हाय

सांगायच्या आधीच ती बाही वर सरकवायची आणि हात टेबलावर आडवा ठेवायची. "खोट माज्यातच हाय, ताई. माजंच रगत काढा."

अलिबागच्या एका लॅबमध्ये मी रक्त घ्यायला बसते. अशा बायका तुम्हीही पाहिल्या असतील. सासू बाकावर, नवरा बाहेर रिक्षाजवळ, आणि सुई हिला. ही रेवदंड्याची कोळीण. बाजारात पापलेटाचा भाव पाडणाऱ्याची पार भंबेरी उडवायची, पण मुलाचा विषय निघाला की हिचा आवाज खाली. तिचे सगळे रिपोर्ट चांगले होते. तरी दर वेळी तपासायला तिलाच पाठवायचे. मला संताप यायचा. शेवटी नवऱ्याची तपासणी झाल्याशिवाय औषध देणार नाही, असं डॉक्टरांनीच बजावलं.

नवऱ्याच्या वीर्याचा नमुना घेऊन आली तीच. थर्माकोलच्या पेटीत, बर्फात पुरून. चांगला माल बर्फाशिवाय हलवायचा नाही, हे अंगात भिनलेलं. मी कपाळाला हात लावला. गारठ्याने शुक्राणूंची हालचाल थांबते, बाटली अंगाच्या उबेत आणा, असं समजावलं. पुढच्या खेपेला ती बाटली पोलक्यात धरून आली. त्या नमुन्यात एकही शुक्राणू नव्हता.

डॉक्टरांनी दोघांना आत बसवून सांगितलं. नवरा जमिनीकडे बघत राहिला. बाहेर सासूने विचारलं तेव्हा त्याच्या आधी हिनेच तोंड उघडलं. म्हणाली, दोष माझाच निघाला. आणि तो गप्प.

मी तिला बाजूला ओढून झापलं. ती शांतपणे म्हणाली, "होडीवरच्या खलाशांम्होरं त्यांनी कसं उभं ऱ्हावं? मला काय, ऐकून घ्याची सवय हाय." नवऱ्याचा राग मला होताच. त्या दिवशी तिचाही आला.

पुढचा प्रश्न होता, शुक्राणू मुळात तयारच होत नाहीत की वाटेत अडकलेत? ते कळायला वृषणाचा तुकडा काढावा लागतो म्हटल्यावर नवरा तडक बाहेर गेला. तेव्हा मुंबईच्या एका प्रयोगशाळेत वीर्यातली प्रथिनं बघून अंदाज देणारी नवी चाचणी सुरू होती. एक प्रथिन वृषणाच्या पुढच्या नळीतून येतं. ते वीर्यात असलं तर वाट मोकळी, म्हणजे बिघाड मुळातच. नसलं तर वाट बंद, आत शुक्राणू असण्याची आशा. हा नमुना मात्र गोठवून, बर्फातच न्यायचा होता. ते ऐकून ती पदर तोंडावर घेऊन हसली. "मंग माजं तवा काय चुकलं व्हतं?"

प्रथिन सापडलं नाही. सापडलं नाही म्हणून आनंद झाल्याची माझ्या नोकरीतली ती पहिलीच वेळ. वाट उघडायचं ऑपरेशन मुंबईला झालं. घरी सांगितलं, हर्नियाचं. हेही तिनेच सुचवलेलं. काही महिन्यांनी त्याच्या नमुन्यात भरपूर शुक्राणू दिसले, तेव्हा मी सूक्ष्मदर्शक सोडून आधी तिला फोन लावला.

फोन तिने मुरुडहून घेतला. भावाच्या घरून. वांझ सून किती दिवस ठेवायची म्हणून सासूने मुलाला सोडचिठ्ठी द्यायला लावली होती, आणि घरात दुसरी येणार होती. मी रिपोर्ट सांगितला. तिने तो पुन्हा एकदा सांगायला लावला. मग म्हणाली, "बरं झालं. त्यांचं तरी बरं झालं."

वर्ष-दीड वर्षाने तो लॅबमध्ये पेढे घेऊन आला. मुलगा झाला होता. घरी खरं सांगितलंत का, मी विचारलं.

"आता कशाला, ताई? तिनंच तं सांगितलेलं."

पेढ्यांचा पुडा मी त्याच्यादेखत पिवळ्या पिशवीत टाकला. वापरलेले बोळे, पट्ट्या, रोगट घाण आम्ही तिथे टाकतो. तो काही न बोलता निघून गेला. न बोलणं त्याला छान जमतं.

मला मात्र बोलता येत नाही. पेशंटचा रिपोर्ट बाहेर सांगायचा नाही, हा नियम मी नव्या मुलींना शिकवते. त्या पोराकडे बोट दाखवून रेवदंड्यात आज तिला वांझ म्हणतात.